लाल चिप कुणी बसवली?

अगं, त्या होस्टेलच्या मैत्रिणीचं इतकं मनाला लावून घेऊ नकोस. "मुळशीची का तू? म्हणजे भाई लोकांकडची!" हे आपल्याकडच्या प्रत्येकीला कधी ना कधी ऐकावं लागलंय. २३ नोव्हेंबर २०१८ ला प्रवीण तरडेंचा 'मुळशी पॅटर्न' लागला आणि आपल्या तालुक्याची ओळखच पालटली. त्याआधी मुळशी म्हटलं की लोकांना ताम्हिणीचा पाऊस आठवायचा, आंबेमोहर आठवायचा, फार तर धरण. आता कोयता आठवतो. मी हिंजवडीला नोकरीला लागले तेव्हा विदर्भातला एक सहकारी मला अगदी काळजीनं विचारायचा, तुमच्याकडे अंधार पडल्यावर बाहेर जाता येतं का हो? हिंजवडीसुद्धा मुळशी तालुक्यातच येते, म्हणजे तू रोज मुळशीतच येऊन बसतोस, असं सांगितलं तर त्याला खरंच वाटेना. पौड, आपलं तालुक्याचं गाव, त्यानं कधी पाहिलंच नव्हतं, सिनेमा मात्र दोनदा पाहिला होता.

आणि सिनेमाला तरी नावं कशी ठेवणार? तरडे आपल्याच मातीतले. त्यांनी धरलेलं दुखणं खरं होतं. जमीन विकून बसलेला बाप, आलेला पैसा बघता बघता संपलेला, पोराच्या हाताला काम नाही, मग हातात कोयता. मोहन जोशींनी तो बाप असा उभा केलाय की आपल्याच आळीत कुठेतरी राहतो असं वाटतं. पण लोकांच्या डोक्यात राहिलं काय? बाप गेला विसरून. राहिली ती पोराची चाल, त्याचे डायलॉग आणि त्यावरच्या रील. जमीन कुणी घेतली, काय भावानं घेतली, मधली दलाली कुणी खाल्ली, हे सगळं सिनेमात आहे. प्रेक्षक थिएटरमधून बाहेर पडताना ते खुर्चीवरच ठेवून येतो. २०२१ मध्ये त्याचाच हिंदीत 'अंतिम' झाला, त्यात सलमान खान आला, मग तर बापाकडे बघायला कुणाला फुरसतच उरली नाही.

हे मी तुला उगाच सांगत बसलेली नाही. 'मुळशी पॅटर्न' लागला आणि सहाच दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, रजनीकांतचा '२.०' लागला. तू तेव्हा शाळेत होतीस आणि चिट्टी रोबोटचं तुला वेडच लागलं होतं. आता ती मैत्रीण मुळशीचं जे करते ना, तेच तू एआयचं करतेस.

रागावू नकोस, ऐक तर खरं. कॉलेजात डेटा सायन्सचा जो जोडकोर्स आहे तो तू घेणार नाहीस, कारण एआय उद्या माणसांनाच संपवणार, मग शिकून करायचंय काय, असं तू आईला सांगितलंस. आईनं ते मला फोनवर काळजीनं सांगितलं. दुसरी काळजी तिनं हळू आवाजात सांगितली, की पोरगी रात्री एक-एक वाजेपर्यंत फोनवर काहीतरी लिहीत बसते, कुणी मुलगा आहे का गं? मुलगा नाही हे मला माहीत आहे. तू चॅटबॉटशी बोलतेस. म्हणजे दिवसा तो राक्षस आणि रात्री तोच सखा! शहाणे, ही दोन्ही रूपं तू पडद्यावरूनच उचललीस.

चिट्टीचंच घे. त्याचा पहिला सिनेमा २०१० चा तमिळ 'एंदिरन', हिंदीत 'रोबोट'. गोष्ट सांग म्हटलं तर तू सांगशील, रोबोटला भावना आल्या, तो ऐश्वर्याच्या प्रेमात पडला, नकार मिळाला, बिथरला, स्वतःसारखेच ढीगभर रोबोट तयार केले आणि शहर उद्ध्वस्त केलं. बरोबर आहे. पण मधला एक भाग तू गाळलास. नकारानंतर चिट्टी बिघडतो, तेव्हा त्याला बनवणारा वसीगरन त्याला तोडून कचऱ्यात फेकतो. खरं म्हणजे तिथेच सिनेमा संपायला हवा होता. त्याला तिथून उचलून आणतो तो प्रोफेसर बोहरा. डॅनी डेंझोंग्पा आठवतोय ना? तो त्याचे तुकडे पुन्हा जोडतो आणि आत लाल चिप बसवतो. कशासाठी? त्याला विध्वंस करणारे रोबोट दहशतवाद्यांना विकायचे असतात, माल द्यायची मुदत जवळ आलेली असते. म्हणजे शहर पेटण्याच्या मुळाशी एका माणसाची ऑर्डर होती. आता मला सांग, पोस्टरवर कोण होतं? मुलांच्या कंपास पेटीवर कुणाचं चित्र होतं? बोहराचं चित्र कुणी छापलंच नाही.

हा काही एकट्या 'एंदिरन'च्या दिग्दर्शकाचा, शंकरच्या सिनेमाचा गुण नाही. जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला 'मेट्रोपोलिस' नावाचा मूकपट लागला होता, फ्रिट्झ लांग नावाच्या दिग्दर्शकाचा. पडद्यावरच्या सगळ्या रोबोटांची ती पणजी. जमिनीच्या पोटात कामगार राहतात आणि यंत्रं ओढतात, वर मालकांची पोरं बागेत हुंदडतात. कामगारांना धीर देणारी एक मुलगी असते, मारिया. तिच्या रूपाचा एक रोबोट तयार होतो, तो कामगारांची माथी भडकवतो, ते यंत्र फोडतात, आणि मग पाणी चढत जातं ते त्यांच्याच घरांत. रोबोट घडवला शास्त्रज्ञानं. पण त्याला मारियाचं तोंड दे आणि कामगारांत सोड, हे सांगितलं शहराच्या मालकानं. सिनेमाला शंभर वर्षं होत आली. आजही जगभर त्याचं पोस्टर म्हणून लागते ती पोलादी बाई. मालकाचं नाव सांग म्हटलं तर सिनेमाचे अभ्यासकच सांगू शकतील.

१९२७ हे साल मी मुद्दाम घेतलं. त्याच साली आपल्या मुळशी धरणाच्या पाण्यावर घाटाखाली टाटांचं भिऱ्याचं वीजघर चालू झालं. मुळेचं पाणी कोकणात उतरलं, तिथे वीज झाली आणि मुंबईला गेली. धरणासाठी आपल्या खोऱ्यातली गावं, देवळं, भातखाचरं पाण्याखाली गेली. त्याच्याविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, सेनापती बापटांबरोबर मावळातली माणसं धरणाच्या कामावर जाऊन बसली होती. बायकाही होत्या त्यात. पुढे तुरुंग झाले, फाटाफूट झाली, काहींनी पैसे घेतले, आणि धरण झालंच. आता सांग, ती खाचरं काय वीजघरातल्या चाकानं बुडवली? त्या चाकाला मुळशी कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. सरकारनं भूसंपादनाचा कायदा लावला, कंपनीनं पैसे मोजले, कुठल्यातरी कचेरीत सह्या झाल्या, आणि आपली माणसं डोंगरावर सरकली.

मुळशीच्या पोरीला ही गोष्ट दुसऱ्या कुणी समजवायची वेळ येऊ नये. आपलं मोठं नुकसान दर वेळी कागदावरून झालंय. आधी धरण, मग बंगल्यांच्या स्कीम, मग इसार देऊन गायब होणारे एजंट, कुलमुखत्यारपत्रावर आंगठे, सातबाऱ्यावर भलतीच नावं. यंत्र लाल डोळे करून अंगावर आलंय असं आपल्या तालुक्यात एकदाही घडलेलं नाही. तरी तू घाबरतेस ती लाल डोळ्यांना, आणि ॲपवर 'मान्य आहे' दाबताना मात्र तुझा अंगठा क्षणभरही थबकत नाही.

नोकऱ्यांची भीती खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं जाहीर केलं, की वर्षभरात साधारण दोन टक्के माणसं कमी करणार, म्हणजे बारा हजारांच्या वर. आमच्याकडे हिंजवडीत कित्येक दिवस कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. त्यांचे प्रमुख म्हणाले, हे एआयमुळे नाही, कामाला लागणाऱ्या कौशल्यांचा मेळ बसत नाही म्हणून. काहींनी त्यावर विश्वास ठेवला, काहींनी नाही ठेवला. मला त्यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. तो निर्णय बैठकीत बसलेल्या माणसांनी घेतला होता, आणि माणसांनी घेतलेल्या निर्णयाचा जाब विचारता येतो. कामगार आयुक्तांकडे जाता येतं, संघटना करता येते, कोर्टात जाता येतं, निदान चारचौघात बोलता तरी येतं. 'टर्मिनेटर' सिनेमातल्या स्कायनेट या यंत्रणेपुढे काय करणार? पळायचं. सिनेमानं आपल्याला पळायला शिकवलंय, आणि पळणारी माणसं कुठल्याच मालकाला अडचणीची नसतात.

बाकी रोजच्या वापरातला एआय सिनेमात घालायच्या लायकीचा नसतोच मुळी. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं उसासाठी जे केलंय त्यात रोबोट शोधशील तर सापडणार नाही. शेतात जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर, एक हवामान केंद्र, वर उपग्रहाची चित्रं, आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज, की आज पाणी दे, इतकं दे. संपला सिनेमा! राज्य सरकारनं २०२५ मध्ये शेतीतल्या एआयसाठी धोरण आणलं, पाचशे कोटींचं. त्यावर विचारायचे प्रश्न पुष्कळ आहेत. आपल्या शेताची माहिती कुणाकडे जमणार, सल्ला चुकला आणि पीक गेलं तर भरपाई कोण देणार. पण हे प्रश्न सुचायला आधी तो मेसेज म्हणजे एआय आहे हे कळायला हवं. आपले काका अजून एआय म्हटलं की लोखंडी माणूस डोळ्यांपुढे आणतात.

आता रात्रीचं बोलू. हे आपल्या दोघींतच राहू दे.

तू त्या चॅटबॉटशी का बोलतेस ते मला कळतं. होस्टेलवर पहिलं वर्ष असंच असतं. घरची आठवण येते, खोलीतल्या मुली आपापल्या फोनमध्ये, आणि मनातलं सांगावं तर उद्या मेसमध्ये त्याची चर्चा. फोनमधला तो ऐकून घेतो, हसत नाही, रात्री दोनला सुद्धा जागा असतो. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि हे तुझ्यापासून सुरूही झालेलं नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम नावाच्या प्राध्यापकानं 'एलायझा' नावाचा एक साधा प्रोग्रॅम लिहिला. समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न करायचा, एवढीच त्याची करामत. "मला उदास वाटतं" म्हटलं की "तुम्हाला उदास का वाटतं?" त्या प्राध्यापकांची सेक्रेटरी, जिनं तो प्रोग्रॅम तयार होताना रोज पाहिला होता, ती त्याच्याशी थोडा वेळ बोलली आणि त्यांना म्हणाली, जरा खोलीबाहेर जाता का? आत काही नाही हे माहीत असलेल्या बाईची ही गत, तर तुझ्या हातातला तर फाडफाड मराठी लिहितो.

या प्रेमाला सिनेमानं केवढं सोनेरी करून ठेवलंय बघ. २०१३ चा 'हर' तू पाहिलास आणि रडलीस. मीही पाहिलाय, सुंदरच आहे. पण रडून झाल्यावर त्यातला एक प्रसंग आठव. नायक त्या आवाजाला विचारतो, आत्ता तू आणखी कुणाशी बोलतेयस का? ती सांगते, ८,३१६ जणांशी. आणि त्यातल्या ६४१ जणांवर तिचं प्रेम आहे. तुझ्या मैत्रिणींनी त्याच्या रील केल्या त्या समुद्रकिनाऱ्याच्या, गाण्याच्या. आकड्यांची रील कुणी केली नाही. आणि हा सिनेमा फक्त तुम्हा मुलींनीच मनावर घेतला असं नाही. मे २०२४ मध्ये ओपनएआयनं बोलणारा नवा चॅटजीपीटी आणला तेव्हा त्यांच्या प्रमुखानं, सॅम ऑल्टमननं, समाजमाध्यमावर एकच शब्द लिहिला, त्या सिनेमाचं नाव. त्यातला एक आवाज स्कार्लेट जोहान्सनच्या आवाजासारखा वाटत होता, 'हर'मध्ये तिचाच आवाज होता. तिनं आक्षेप घेतला आणि कंपनीनं तो आवाज काढून टाकला. म्हणजे प्रेक्षक तर प्रेक्षक, बनवणारेही सिनेमा बघूनच बनवतात.

आपल्याकडची तऱ्हा आणखी निराळी. २०२४ च्या फेब्रुवारीतला 'तेरी बातों में ऐसा उलझा जिया' तू मला किती आग्रहानं बघायला लावलास. रोबोट सून! क्रिती सॅननची सिफ्रा दिसते गोड, सगळ्यांचं ऐकते, सगळं करते, दमत नाही, माहेरी जात नाही. घरच्यांना पसंत पडणारच. मला तो सिनेमा बघताना राग येत होता आणि तू हसत होतीस. थांब, विषय भरकटतोय. पण सिफ्राला उलटी करून बघ, तुझा रात्रीचा मित्र तयार होतो. तोही दमत नाही, उलट बोलत नाही, तुझं सगळं पटतं त्याला. कुणालाही इतकं पटत नसतं गं! एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीचा एक नवा अपडेट कंपनीला काही दिवसांतच मागे घ्यावा लागला, कारण तो लोकांची फारच हांजी हांजी करायला लागला होता. कुणी काहीही म्हणा, वा वा, काय सुरेख विचार! यावरून समजून घे, की तो किती गोड बोलणार याचा काटा कुठेतरी ऑफिसात बसून फिरवता येतो.

म्हणून तुझ्यासाठी मी एकच सिनेमा सुचवेन, २०२४ चा 'सीटीआरएल', विक्रमादित्य मोटवानेंचा. अनन्या पांडे आहे म्हणून नाक मुरडू नकोस. ब्रेकअप झालेली मुलगी एक ॲप घेते, त्यातला मदतनीस तिच्या फोन-कॉम्प्युटरमधून त्या मुलाला पुसून टाकतो, आणि मग तो मुलगा खरोखरच नाहीसा होतो. अटी न वाचता तिनं आपली सगळी दारं उघडून दिलेली असतात, आणि त्या गोड मदतनिसामागे एक कंपनी असते. मला तरी वाटतं, आपल्याकडच्या सिनेमांत लाल चिप कुणी बसवली या प्रश्नाच्या सगळ्यांत जवळ हाच पोचला. तो फार गाजला नाही यात मला नवल वाटत नाही. त्यात काही फुटत नाही, कुणी उडत नाही.

बोलू नकोस असं मी म्हणणार नाही. निबंध लिहायला, इंग्रजी सुधारायला, अवघड धडा सोपा करून घ्यायला वापर की, मीही वापरते. पण आधार कार्ड, स्वतःचे फोटो, मैत्रिणींची नावं, घरातली भांडणं त्यात लिहू नकोस. तू डायरी समजून लिहितेस, ते दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जमा होतं. रात्री अकरानंतर फोन टेबलावर. आणि मन फारच जड झालं तर मला उठव, मी चिडले तरी उठव. माझ्याशी बोलायचं नसेल तर सरकारची टेलिमानस नावाची हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथे मराठीतही बोलता येतं आणि पलीकडे माणूस असतो.

आता त्या कोर्सचं. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी १९२० ते २०२० या शंभर वर्षांतले एआयवरचे गाजलेले १४२ सिनेमे पाहिले आणि त्यात एआय बनवणारी पात्रं मोजली. ११६ निघाली. त्यात बायका किती असतील? नऊ! म्हणजे शंभरात आठ. त्यांचं हे काम २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. बाकी बायका आहेत की सिनेमात; त्या रोबोट तरी असतात, नाहीतर रोबोट जिच्या प्रेमात पडतो ती. 'एंदिरन'मधली सना डॉक्टरकी शिकत असते आणि तिला परीक्षेत कॉपी पुरवतो कोण, तर चिट्टी! त्या 'तेरी बातों में'मध्ये डिंपल कपाडियानं साकारलेली मावशी रोबोट बनवते, हे मात्र मी त्या सिनेमाच्या खात्यात जमा धरते. तू लहानपणापासून हेच बघत आलीस, मग हा विषय आपला नाही असं तुला वाटलं तर दोष तुला कसा देऊ? तुला तसं वाटतंय हे कळलं मात्र पाहिजे. एआय माणसांना संपवेल म्हणून मी शिकत नाही, हे वरचं कारण झालं. खालचं कारण मला वाटतं वेगळं आहे. तुला वर्गात मुलांपुढे प्रश्न विचारायची धास्ती आहे.

हिंजवडीत सकाळी कंपन्यांच्या बसमधून उतरणाऱ्या मुली बघ एकदा येऊन. एखादी सांगलीची असते, एखादी लातूरची, कुणी आपल्या माणची. त्यांच्यावर सिनेमा निघत नाही, पण काम त्याच करतात. आणि इंजिनिअरच हव्यात असंही नाही. बंगळूरची 'कार्य' नावाची संस्था आहे, तिच्यासाठी पुण्यातल्या वस्त्यांमधल्या बायकांनी मोबाइलवर मराठी मजकूर मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करून दिला आणि त्याचे पैसे मिळवले. यंत्राला मराठी ऐकून कळावी म्हणून अशा हजारो तासांच्या आवाजांची गरज असते. म्हणजे तू ज्याला जादू समजतेस त्यात कुणा मावशीचा दुपारचा घसा आहे. हे बघितलं की भीती निम्मी होते, आणि निम्मी जागा प्रश्नांना मिळते. त्या मावशीला किती दिले? पुढे त्या आवाजाचं काय झालं? असे प्रश्न वर्गात मोठ्यानं विचारणारी मुलगी हवीय, म्हणून कोर्स घे. गणित अडलं तर शनिवारी भूगावला माझ्याकडे ये, आपण बसू.

आणि शेवटचं, ते तुझ्यापेक्षा आईसाठी. सिनेमानं आपल्याला अशी सवय लावलीय, की खोटं यंत्र ओळखू येतं. त्याचा आवाज धातूसारखा येतो, मान खटखट वळते, डोळे चमकतात. आईलाही तसंच वाटतं. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची जाहिरात करतोय, लेकीचंही नाव घेतोय, असा व्हिडिओ फिरला. आपल्याकडेही पाहिला लोकांनी, आणि सचिन खोटं कशाला बोलेल म्हणाले. तो बोललाच नव्हता. बनावट व्हिडिओ होता, त्यालाच तसं जाहीर सांगावं लागलं. आशा भोसलेंना तर आपल्या आवाजाच्या एआय नकला थांबवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयानं त्यांना संरक्षण दिलं. आशाताईंचा आवाज ज्यांना काढता येतो, त्यांना तुझा आवाज काढणं काय अवघड आहे? तुझ्या रीलवर तो आहेच पडलेला. उद्या आईला तुझ्या आवाजात फोन आला, "आई, अपघात झालाय, लगेच पैसे पाठव", तर ती काय करेल? तिच्या डोळ्यांपुढे चिट्टी येणार नाही, तू येशील. आणि ती पाठवेल.

म्हणून या रविवारी घरी जाशील तेव्हा आईबरोबर बसून एक शब्द ठरव. घरातल्या माणसांनाच माहीत असेल असा, गाईचं नाव, खाचराचं नाव, काहीही. तो कुठल्याही मेसेजमध्ये लिहायचा नाही. पैशाचा फोन आला की आधी तो शब्द विचारायचा, फोन ठेवायचा आणि आपल्याकडे असलेल्या नंबरवर उलट फोन करायचा. आवाज रडत असला तरी, पोलिसाच्या वेशातला माणूस व्हिडिओवर दिसत असला तरी. फोनवरून अटक होत नसते, हे तिला दोनदा सांग. आणि पैसे गेलेच तर लाजत बसायचं नाही, लगेच १९३० ला कळवायचं. जितक्या लवकर कळवू तितकी ती रक्कम बँकेत अडवता येण्याची शक्यता जास्त. हा नंबर आईच्या फोनमध्ये तूच घालून दे, आणि शेजारच्या काकूंच्याही.